सुनेचा फोटो मी काढू दिला नाही

डोक्याचा फोटो काढायच्या मशीनच्या दारातून मी सुनेला हाताला धरून मागे ओढलं. तिचा तोल गेला, भिंतीवर आपटली — तरी सोडलं नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. का ओढलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वनिता तिचं नाव. उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, कानात सारखी शिटी वाजते म्हणायची. बांधावरून चालताना झोकांडी जायची. आणि मी? "कामाचं तेवढंच ऐकू येत नाय गो तुला!" मुरबाडच्या डॉक्टरांनी कल्याणला एमआरआय काढायला सांगितला. मुलाला कंपनीत सुट्टी नव्हती, म्हणून टोकावड्याहून तिच्यासोबत मी गेले.

तिथली पोरगी वनिताला म्हणाली, "ताई, अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी काढा."

वनिता काढायला लागली. "नवरा जिवंत हाय तिचा," मी म्हटलं, "नाय काढायचं."

"अहो, सगळ्याच काढतात!"

मी तिला घेऊन घरी आले. मुलगा चिडला, मग त्यानंही नाद सोडला. जुनी बाई, तिच्या मनात असतं असलं काही — असंच सगळे म्हणाले. मीही म्हणू दिलं.

खोटं होतं ते. माझ्या पोटाच्या ऑपरेशनला मीच मंगळसूत्र काढून गळ्यात हळदीचा दोरा बांधला होता. नवरा तेव्हा जिवंत होता — मला काही वाटलं नव्हतं.

मग का? भातलावणी तोंडावर होती. फोटोत काही निघालं तर सून खाटेवर जाणार, आणि चिखलात वाकणार कोण? मी? एवढंच होतं डोक्यात. देवाधर्माचा त्यात काही संबंध नव्हता.

लावणी झाली, कापणी आली, कल्याणचं नाव मी निघू दिलं नाही. पुढच्या लावणीतही ती होती. मग एक दिवस खळ्यात पडली, तिला उठताच येईना. तेव्हा मुलानं फोटो काढून आणला. मोठ्या डॉक्टरांनी तो उजेडावर धरून आम्हाला दाखवला — कानाच्या नसेवर पांढरी गाठ, मेंदूला रेटणारी. म्हणाले, गाठ लहान असताना दिसली असती तर चेहऱ्याची नस वाचवता आली असती.

मी तिथंच उभी होते.

ऑपरेशन झालं, वनिता जगली. उजवा कान गेला, तोंड एका बाजूला ओढलं, तो डोळा झोपेतही मिटत नाही. मला काहीच झालं नाही.