कॉटवरचा तिसरा इलेक्ट्रॉन

आठ वर्षं मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होतो. या तत्त्वाचा शोध कुणी लावला ते पाठ्यपुस्तकात दिलेलं नाही, पण अर्थ सोपा आहे. दर जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा आणि दर मार्चमध्ये निरोपाचा चहा प्यायचा. मोशीच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात एक जागा कायमची भरणार असं कळलं, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "या वेळी तरी?"

निवड डेमो लेक्चरवर होणार होती. समोर अकरावीचा वर्ग आणि पहिल्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्ष इकडच्या जुन्या शेतकरी घरातले. चाकणच्या त्यांच्या रानात आता ज्वारीऐवजी भाड्याच्या खोल्या उगवतात, आणि हे पीक बारमाही आहे. मला विषय दिला होता क्वांटम अंक. अख्ख्या वर्गाला झोप आणायला याहून खात्रीचा धडा अजून कुणी लिहिलेला नाही.

म्हणून मी इथलंच उदाहरण काढलं. चाकणला कितीतरी कामगार कॉट बेसिसवर राहतात. एका कॉटवर दोघं, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. एक कामाला निघाला की दुसरा त्याच गादीवर आडवा होतो. मी म्हणालो, इलेक्ट्रॉनचाही पत्ता असाच, चार आकड्यांचा. पहिला आकडा म्हणजे मजला, दुसरा खोलीचा प्रकार, तिसरा कोणती कॉट आणि चौथा शिफ्ट. पुस्तक त्या शिफ्टला स्पिन म्हणतं. शिफ्ट दोनच, म्हणून एका कॉटवर दोघंच. आता लिथियमकडे इलेक्ट्रॉन तीन आणि पहिल्या मजल्यावर कॉट एकच. तेव्हा तिसऱ्याने मुकाट्याने दुसऱ्या मजल्यावर जायचं.

वर्ग चक्क जागा होता. मी स्वतःवर भलताच खूश झालो. तेवढ्यात अध्यक्षांनी हात वर केला.

"सर, वर कशाला पाठवता त्याला? आमच्या खोल्यांत एका कॉटवर तिघं हायेत. फस्ट, सेकंड, थर्ड. कुणाची तक्रार न्हाई."

प्राचार्य हसले. कुठे हसायचं हे त्यांना बरोबर कळतं, उगाच नाही ते प्राचार्य झाले.

साहेब, अणूत तिसरी शिफ्ट नसते, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्याच्या पाठोपाठ बायकोचा प्रश्नही आला.

"बरोबर आहे साहेब," मी म्हणालो. "नीट नियोजन असलं तर तिघंही बसतात."

अध्यक्षांनी मान डोलावली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी घासून पुसून पक्का केलेला नियम मी मोशीत एका वाक्यात शिथिल करून दिला. पंधरा दिवसांत कायम झाल्याचं पत्र आलं. घरी पेढे आले, आणि मी दोन खाल्लेही.

पुढे चाचणी परीक्षा झाली. लिथियमची इलेक्ट्रॉन रचना काढा, असा प्रश्न होता. त्यात कॉटच्या जागी चौकट काढायची आणि इलेक्ट्रॉनच्या जागी बाण. जवळजवळ अख्ख्या वर्गाने तिन्ही बाण एकाच चौकटीत कोंबले होते. आमची मुलं लक्ष देत नाहीत, असं यापुढे कुणी म्हणू नये. फक्त एका मुलीने तिसरा बाण वरच्या चौकटीत काढला होता. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि विचारलं, हे तुला कुणी सांगितलं?

"कुणी नाही सर," ती म्हणाली. बोलण्यावरून मराठवाड्याकडची वाटत होती. "तुम्ही म्हणालात तिघं बसतात, पण नाही बसत. माझे बाबा चाकणला एका कॉटवर तिसरे आहेत. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते, मग तिघंही खोलीवर. बाबा त्या दिवशी इकडं मोशीला येतात. मी मावशीकडं राहते, तिची एकच खोली आहे. म्हणून ते जिन्यात झोपतात."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सरांना एक मुद्दा समजला नाही, तो ती समजावून देत होती.

"म्हणून मी तिसऱ्याला वर पाठवलं," ती म्हणाली.

मला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली, आणि आठ वर्षं हुकलेल्या नोकरीची कधी वाटली नव्हती एवढी वाटली.

प्रश्न दोन मार्कांचा होता. तिला मी दोन दिले. बाकीच्यांचे मात्र कापता आले नाहीत, त्यांनी माझंच उत्तर लिहिलं होतं.