डावीकडचा उजेड

वर्गात उजेड डावीकडून आला की लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही, असं आमच्या पाहणीत दिसलं. म्हणून बाक तसे लावून जमिनीत पक्के करावेत, अशी शिफारस मी लिहिली. अहवाल पाठवण्याआधी एका शाळेत सहज मागच्या बाकावर बसले. ऊन संथपणे वहीवर उतरत होतं. पुढची मुलगी डावखुरी होती. तिच्या हाताची सावली अक्षरांच्या पुढे पुढे चालली होती आणि ती त्या सावलीतच लिहीत होती.

"दिसतं का गं?"

"नाही ना, बाई. रोज मी बाक उलटा फिरवते. आज तुम्ही येणार म्हणून सरळ ठेवलाय."

"मग फिरव की!"

बाक खरखरत फिरला. सावली वहीवरून अलगद उतरली. आता आम्ही समोरासमोर होतो. अहवालातला 'पक्के' हा शब्द मी तिच्यादेखतच खोडला.