डेन्मार्कचं पाकीट

नंदुरबारात पोरी पुष्कळ शिकल्या, पण टपालाचं तिकीट सोडवायला अख्खं पाकीट पत्रासकट घंगाळात बुडवणारी विदुषी एकटी मीच. गेल्या महिन्यात माझी वर्गमैत्रीण हमीदा गेल्याचं तिच्या सुनेनं कळवलं, तेव्हा मला आधी ते घंगाळच आठवलं...

गोष्ट लढाईच्या आधीची. आमच्या बाईंनी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या रिकाम्या गोदामात स्वतःच्या हिमतीवर खाजगी शाळा काढली होती. भिंतीवर जगाचा नकाशा, आणि प्रत्येक मुलीनं परदेशातल्या एका मुलीला इंग्रजीतून पत्र लिहायचंच, असा बाईंचा नेम. हमीदाच्या वाट्याला डेन्मार्कची इंगे आली. हमीदाचे अब्बा रंगारी. ते हसले. "इतल्या लांबनं तुले कोन जवाब दी? पत्र उनं तं पुढं शीक, नही तं घर बठ."

पत्र आलं, ऐन मे महिन्याच्या सुटीत. हमीदाच्या गल्लीशेजारी राहते म्हणून बाईंनी ते माझ्या हाती दिलं. आणि मला सुचलं काय, तर आधी तिकीट आपल्या तिकिटांच्या वहीत! कोपरा कापून भिजवायचा असतो, हे बाईंनी दहादा शिकवलेलं. पण कात्री शोधायचा धीर कुणाला? घंगाळ निळं झालं, तिकीट मधोमध फाटलं. पत्रात वरच्या घडीतलं 'डिअर हमीदा' तेवढं उरलं. मी ते वाळवून ज्वारीच्या कणगीत खुपसलं आणि शहाण्यासारखी गप्प बसले.

जूनमध्ये शाळा उघडली. माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

शाळेचे म्हणाल ते फायदे मला मिळाले. मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले, नकाशासमोर छडी घेऊन उभी राहिले. पण डेन्मार्कात जर्मन फौजा घुसल्याचं गावात कळलं, तेव्हा सगळे कापसाच्या भावाचं बोलत होते आणि हमीदा मला पडद्याआडून विचारत होती, "इंगेनं गाव कसं व्हई वं आते? तिले काही व्हयनं तं नही ना?" जिनं आपल्याला उत्तरसुद्धा दिलं नाही असं ती समजत होती, तिच्यासाठी ही रडत होती. दोनच वर्षं शिकलेली पोर... मला तो देश परीक्षेपुरता माहीत होता.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी कणगीतला कागद नेऊन तिच्या हातात ठेवला आणि पत्र घंगाळात बुडवल्याचं सांगून टाकलं. तेव्हा तिचे अब्बा जाऊन चार महिने झाले होते.

परवा सुनेनं हमीदाचा शिवणाचा डबा उघडून दाखवला. तळाशी तोच कागद, घड्यांवर झिजलेला, कडेला निळा डाग. मी तो दिला त्या दिवशी तो मांडीवर पसरून ती कितीतरी वेळ हातानं सपाट करत राहिली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तिकीट तरी नीट निंघनं का वं?"