कलाकृतीतला दाणा

धान दिसलं की माझा हात आधी जातो, डोकं मागून येतं. नागपूरच्या कला संग्रहालयात पांढऱ्या चादरीवर धानाची रास ओतलेली दिसली, आणि मी एक दाणा उचलून दाताखाली फोडला. कट्ट वाजला. चांगलं वाळलंय, असं बायकोला सांगायला वळलो तर भिंतीवर पाटी: कलाकृतीला हात लावू नये.

म्हणजे ती रास नव्हती, कलाकृती होती. आणि तिचा थोडा भाग माझ्या तोंडात होता.

एरवी मी हसलो असतो. पण आमची लेक याच संग्रहालयात नुकतीच लागलेली, तीही तात्पुरती. पक्की करायची की नाही, ते महिनाअखेरीस ठरणार होतं. तिनंच हौसेनं बोलावलं म्हणून आम्ही सालेकशाहून सकाळची गाडी धरलेली. आता वर कॅमेरा, दारात चौकीदार. थुंकावं तर कुठे? तूस गालात दाबून धरलं.

लेक आली, एकेक दालन दाखवत फिरली. ती चित्राकडे बोट करायची, मी छताकडे बघायचो. प्रत्येक खोलीत कॅमेरा होताच.

"बाबा, काऊन बोलून नाही राहिले?"

मी नुसती मान डोलावली, चित्र फार आवडल्यासारखी.

शेवटच्या दालनात तिच्या मोठ्या मॅडम सरळ आमच्याकडे येताना दिसल्या. मागे तोच चौकीदार. त्या काही बोलायच्या आत मीच हिंदीत सुरू झालो: गलती मेरी है, एक ही दाना खाया, लड़की को मत निकालना.

त्या आम्हाला चहाला बोलवायला आल्या होत्या.

"निगला तो नहीं न?" त्यांनी विचारलं. "उसमें कीड़े की दवा डाली है."

लेकीनं मला नळावर नेऊन चुळा भरायला लावल्या. मग मॅडमशी बाजूला जाऊन कितीतरी वेळ बोलत राहिली. नळ वाहत होता, मला काही ऐकू येईना.

परतीच्या गाडीत न राहवून बायकोला विचारलं, पोरीची नोकरी माझ्यापायी गेली तर?

"मी तिथंच उभी होती," ती म्हणाली. "पोरगी मॅडमले सांगे, पाटी भिंतीवर नाही, धानाजवळ पाहिजे, आमच्याकडचा कोणीबी आला तं दाणा चावून पाहीनच. मॅडम हो म्हणे. अजी, पोरगी घाबरली नाही. नोकरी तिची हाय, माफी मागाले तुम्ही कोण?"