विकण्याआधी दोन मिनिटं

लॅपटॉपमध्ये सगळे आवाज मिळतात आणि बटणांत धानाची धूळ जात नाही, म्हणून मी जुना सिंथेसायझर विकायला काढला. आंधळगावच्या भजन मंडळाचे दोघे तो बघायला आले.

"बिगडला नाही, तर काहून विकून राहिले जी?" एकाने विचारलं.

चालू आहे हे दाखवायला मी स्पीकर लावून दोन मिनिटं वाजवलं. बायको हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"पुन्हा वाजवाले लागले तुमी? मले वाटलं, सोडलं."

तीन वर्षं मी रोज संध्याकाळी तिच्यासमोरच बसून लॅपटॉपवर चाली बांधत होतो. तिला वाटे, ऑफिसचं काम आहे.

मी सिंथेसायझर त्यांच्या गाडीत ठेवला, आत आलो आणि हेडफोन लावले.