अडीच बोटं लांब बाही

भोकरदन तालुक्यातल्या अर्ध्याअधिक माणसांचे लंगोट माझ्या मावळणबाईंनी शिवलेले आहेत आणि उरलेल्यांचे निदान पाहिलेले तरी आहेत. त्यामुळे या तालुक्यात कोणाचाच मोठेपणा त्यांना कधी मान्य झाला नाही. मावळणबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. राहायच्या राजूरला, पण सोयऱ्याधायऱ्यांत कुठेही पाळणा हलल्याची बातमी आली की तिसऱ्या दिवशी त्या तिथे हजर. सोबत एक हिरवी पत्र्याची पेटी. त्या पेटीत सासऱ्यांच्या पिढीपासूनची खानदानातली सगळी झबली, टोपडी, दुपटी, लंगोट आणि एक कुंची. एकदा एसटीतल्या कंडक्टरने पेटीचं वेगळं तिकीट मागितलं. मावळणबाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "कोणाचा रे तू?" त्याने भोळेपणाने गाव आणि बापाचं नाव सांगितलं. "मंग तुझ्या बापाचं टोपडं ह्याच पेटीत हाय. काढू का भाईर? दाखवू का सगळ्याइला?" कंडक्टरने तिकीट तर फाडलं नाहीच, वर भोकरदनच्या स्टँडवर पेटी स्वतः खाली उतरवून दिली.

त्यांचं एक तत्त्व होतं आणि त्यापुढे कोणाची अक्कल चालत नसे. "लेकराला कपडे नवे घेत न्हाईत, ताजे करतेत." ताजं करणं म्हणजे काय, तर पेटीतला प्रत्येक कपडा रिठ्याच्या पाण्यात भिजवायचा, उन्हात कडकडीत वाळवायचा, जुनी शिवण उसवायची आणि नव्या दोऱ्याने परत घालायची. विरलेल्या जागी ठिगळ, कडेला नवी पट्टी, गुंडीच्या जागी नाडी. दर बाळंतपणाला हा सोहळा. कुंचीचं तर विचारूच नका. माझ्या सासऱ्यांसाठी शिवलेली ती कुंची. पुढे तिचं अस्तर बदललं, मग काठ बदलले, मग पुढची बाजू, मग मागची, गोंडे तर तीनदा. माझ्या नवऱ्याने एकदा हुशारी केली. म्हणाला, "मावळण, सगळंच बदललंस. मंग मूळचं काय राह्यलं हिच्यात?" मावळणबाई सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डोकं घालायची जागा राह्यली. ती तुझ्या बापाची हाय." नवरा वकील आहे. त्याने उलटतपासणी तिथेच आटोपली.

प्रत्येक ठिगळ कोणामुळे लागलं, हे त्यांना तोंडपाठ होतं आणि ते सांगण्यासाठी त्यांना वेळकाळ लागत नसे. माझ्या धाकट्या दिरासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मुलाचा स्वभाव कसा आहे?" आम्ही सगळे गंभीर चेहरा करून उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मावळणबाई बोलल्या, "लहानपणी दिवसाला अकरा दुपटी वली करायचा. आता बिलकुल शांत हाय." दीर लालबुंद झाला. माजघराच्या दारातून मुलीचं हसू ऐकू आलं. तीच आज माझी धाकटी जाऊ आहे. पण त्या दिवशी परतीच्या वाटेवर दिराने मावळणबाईंशी बोलणं टाकलं होतं, आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं.

हे सगळं दुसऱ्याच्या घरी घडतं तोवर मौजेचं असतं. सत्त्याऐंशी साली मी बाळंत झाले आणि ती हिरवी पेटी माझ्या उशाशी येऊन पडली. माझी आई मी बी.एड. करत असतानाच गेली. वडील एकटे, म्हणून माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मी शाळेत गणित शिकवायची. पन्नास पोरींचा वर्ग नुसत्या भुवईने गप्प बसवणारी बाई मी. आणि इथे अडीच किलोचा एक जीव मला पुरता जेरीस आणत होता. पोरगी का रडते ते मला कळेना आणि मी का रडते ते कोणालाच कळेना. बाळंतिणीच्या खोलीत बाळंतीण हीच सगळ्यांत बिनमहत्त्वाची व्यक्ती असते, हा शोध मला तिथे लागला. तेल कोण लावणार, धुरी किती द्यायची, पोरीचं डोकं कोणत्या कुशीवर ठेवायचं, सगळं मावळणबाई ठरवणार. मी फक्त दूध पाजायचं आणि डिंकाचे लाडू खायचे. जरा डोळे भरून आले की त्या दारातून ओरडायच्या, "रडू नको गं माय! दूध आटंल! रडायचं तर मंग सवा महिन्यानं रड!" जणू काही सवा महिन्याने रडायला मला शाळेतून रजा मिळणार होती.

माझ्यासोबत शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी मोठ्या हौसेने जालन्याहून एक गुलाबी फ्रॉक आणला. नायलॉनचा, झालरीचा, कमरेला इलॅस्टिक. मावळणबाईंनी तो दोन बोटांच्या चिमटीत धरून उजेडात पाहिला. "हे लेकराच्या अंगात घालायचं हाय, का टीव्हीवर?" एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, टोमणा मारून मोकळ्या झाल्या. आठवड्याने त्याच बाई पुन्हा भेटायला आल्या, तर आमच्या टीव्हीवर झालरीचं गुलाबी कव्हर, मधोमध कमरेचं इलॅस्टिक चांगलं ताणून बसवलेलं. बाई चहा न घेताच उठल्या. पुढे स्टाफरूममध्ये दोन वर्षं त्या माझ्याशी फक्त वेळापत्रकापुरतं बोलत. मावळणबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मंग? टीव्हीला बराबर बसलं ना?"

पण फ्रॉकचं दुःख मला नव्हतं. माझा जीव अडकला होता एका झबल्यात. ते मी स्वतः शिवलं होतं. सातव्या महिन्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, दार लावून, कारण लेकरू पोटात असताना त्याचे कपडे शिवत नाहीत. कापड आईच्या पिवळ्या सुती लुगड्याचं. आईची म्हणून माझ्याकडे तेवढीच एक वस्तू उरलेली. मला सुई धरता येत नव्हती, पण भूमिती येत होती. मी आलेखाच्या कागदावर आकृती काढली, मापं घेतली, कंपासने गळ्याचं वर्तुळ काढलं. आणि तरीही एक बाही दुसरीपेक्षा लांब झाली, गळा एका बाजूला कलला आणि पाठीवरची शिवण सरळ निघून मध्येच कुठेतरी हवा खायला गेली. भूमितीने माझ्याशी असा दगा कधी केला नव्हता. तरी ते माझं होतं. आईचं लुगडं आणि माझे टाके. बारशाला पोरीच्या अंगात हेच घालायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. बाकी तिच्या अंगावरचं सगळं खानदानाचं होतं, माझं म्हणून एवढंच.

बारशाला चार दिवस उरले होते. दुपारी माझा डोळा लागला. उठून पाहते तर पायथ्याशी पिवळं झबलं घडी करून ठेवलेलं. उचललं. दोन्ही बाह्या सारख्या. गळा गोल. पाठीची शिवण दोरी धरल्यासारखी सरळ. कडेला लाल पट्टी. मावळणबाई समोर पाय पसरून बसल्या होत्या आणि शाबासकीची वाट पाहत होत्या. "कपाटात सापडलं. काय गं ते शिवलेलं! पाह्य, कसं ताजं करून टाकलं."

मी ओरडले. त्या घरात सून म्हणून आल्यापासून मी आवाज चढवला नव्हता, तो सगळा आवाज त्या दिवशी निघाला. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? तुमच्या पेटीत सगळा तालुका आहे. माझं एवढं एकच होतं. माझ्या आईचं लुगडं होतं ते, आणि त्यातला माझा एक टाकासुद्धा तुम्ही ठेवला नाही!" पोरगी दचकून रडायला लागली, सासूबाई स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊन धावत आल्या. मावळणबाईंवर कोणीतरी ओरडलं होतं. तालुक्याच्या इतिहासात असं प्रथमच घडलं असावं. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. झबलं उचललं आणि ओसरीवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर त्या आपलीच शिवण उसवत होत्या. लाल पट्टी निघाली, बाह्या सुट्या झाल्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "डावी बाही लांब व्हती का उजवी?" मी पोरीला थोपटत राहिले. "उजवीच व्हती. किती लांब व्हती? दोन बोटं का तीन?" मी ठरवलं होतं, या बाईशी जन्मात बोलायचं नाही. पण समोरचं माणूस चुकीचं उत्तर देतंय आणि आपण गप्प बसायचं, हे गणिताच्या मास्तरणीला कसं जमावं? "डावी," मी म्हणाले. "अडीच बोटं."

त्या कामाला लागल्या. माझं वाकडं झबलं जसंच्या तसं परत करण्याचा त्यांनी चंग बांधला होता. दोन दुपारी त्या माऊलीने वाकडं शिवण्यासाठी घाम गाळला. पण चाळीस वर्षं सरळ चाललेला हात तो. वाकडा टाका घातला तरी पुढचा टाका त्याच्याशी बेतानेच वाकायचा. सगळी शिवण अशी नेमकी नागमोडी झाली की पाहणाऱ्याला नक्षीच वाटावी. उसवायच्या, परत घालायच्या, परत उसवायच्या. शेवटी त्यांनी सुई खाली ठेवली, कपाळाला हात लावला आणि अगदी मनापासून मला विचारलं, "लई अवघड हाय गं हे. तुला कसं जमलं व्हतं?"

मला हसू फुटलं. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता जे रडू आलं ते काही आवरेना. मावळणबाईंनी या वेळी दुधाचं काही काढलं नाही. झबलं माझ्या मांडीवर टाकलं. "घे, तुझं तूच शिव. म्या पाहत न्हाई," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी शिवत होते आणि त्या दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरून बसल्या होत्या. मध्येच न राहवून विचारायच्या, "गाठ मारली का?" मी म्हणायची, "भिंतीकडे पाहा." एखाद्या दारुड्याला गुत्त्यासमोर बसवावं तशी त्या बाईची अवस्था झाली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा बराच आनंद झाला.

बारशाला माझी पोर ते झबलं घालून पाळण्यात निजली. डावी बाही हाताच्या खाली लोंबत होती, गळा पुन्हा कललेला. आलेल्या बायकांपैकी एकीने दुसरीच्या कानात काहीतरी म्हटलं. मावळणबाईंनी ते टिपलं. "हळू कामून बोलता? ते हिच्या मायनं शिवलंय. तुमच्यातल्या कोणीला असं शिवता येतंय का, सांगा. म्या दोन दिस बसून पाह्यलं, मला आलं न्हाई!" तालुक्यात शिवणाचा शेवटचा शब्द ज्यांचा, त्यांनीच असं म्हटल्यावर कोण काय बोलणार? दोघीतिघींनी तर जवळ येऊन बाहीचा नमुना निरखून पाहिला.

पोर मोठी झाल्यावर ते झबलं त्यांनी माझ्याकडून मागून पेटीत ठेवलं. पुढे ते किती लेकरांनी घातलं कोण जाणे. पेटीतलं बाकी सगळं दर वेळी उसवलं, जोडलं, ताजं केलं. त्या एका झबल्याला त्यांनी सुई लावली नाही. नुसतं धुवायच्या आणि ठेवायच्या.

मग वर्षं गेली. माझी लेक शिकायला पुण्याला गेली. माझ्या जावेला लग्नानंतर फार उशिराने, आम्ही सगळ्यांनी आशा सोडल्यावर, मुलगा झाला. मावळणबाई आल्या. पेटी आता दिराला उचलून आणावी लागली. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी एका डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नव्हतं आणि हात थरथरत होता. सुईत दोरा मी ओवून दिला. दुपट्याला नवी पट्टी लावायला त्यांना तीन दुपारी लागल्या. मी पाहिलं, पट्टी एका कोपऱ्यातून निघाली आणि भलत्याच कोपऱ्यात पोहोचली होती. जाऊ माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवून तिला गप्प राहायला सांगितलं.

मावळणबाईंनी दोरा तोडला आणि शिवणीवरून सावकाश बोट फिरवत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये एका जागी बोट थांबलं.

"कितीनं गेलंय गं?" त्यांनी विचारलं. "दोन बोटं का तीन?"

सगळी हयात मी चुकीच्या उत्तराला अर्धा गुणसुद्धा दिलेला नाही. पण त्या दिवशी खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्या माझ्याकडे तोंड करून वाट पाहत होत्या.

"अडीच," मी म्हणाले.

मग त्यांचं ते दात नसलेलं तोंड हसायला लागलं.

"मंग जमलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "लई वर्षांनी जमलं गं मला."

ती पेटी आता माझ्याकडे आहे. कोणाकडे बाळ झालं की मी ती घेऊन जाते, रिठे भिजवते, चष्मा लावून उसवत बसते. माझा हात आता बराच सरळ चालतो. त्या दुपट्याची पट्टी फार वाकडी आहे, सरळ करा, असं नव्या पोरी मला सांगतात. मी त्यांना भिंतीकडे पाहायला सांगते.