बुरूज आळीतला पराक्रम
इटलीतल्या सिएना गावात आमचे हे, ओरेस्ते, हंस आळीचे. घोड्यांच्या शर्यतीपायी बुरूज आळीशी पिढीजात वैर, म्हणून तिथे त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. परवा मिलानहून नात आली. तिला देवळं, चित्रं दाखवतानाही हे ती आळी टाळून लांबचे वळसे घालत होते. तेवढ्यात नोएमी म्हणाली, "आजोबा, शू!"

जवळ एकच सोय होती, बुरूज आळीतला कॉफीवाला.

"थोडी धर, बाळा."

"नाही धरवत!"

मी म्हटलं, "अहो, वैर ठेवा खुंटीला. पोरीचा फ्रॉक भिजेल."

यांनी तिला उचललं आणि धावत सुटले. कॉफीवाला दारातच हसला, "काय ओरेस्ते, शरण आलास?"

"शरण कसला? हंस आळीची पोर मुद्दाम तुमच्याकडे मुतायला आणलीय!"

संध्याकाळी हे आपल्या आळीत हाच पराक्रम चारचौघांना सांगत बसले होते.